दवाखान्यात न आलेल्यांचा अनुभव

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात एखादी पाहणी करणारी मुलगी कागद घेऊन उभी राहते. गोळ्यांची पुडी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते, "डॉक्टर नीट बोलले का? औषधं मिळाली का? समाधान झालं का?" बहुतेक जण "हो, चांगलं आहे" म्हणतात आणि गाडी पकडायला निघून जातात. संध्याकाळी बेरीज होते, टक्केवारी निघते आणि रुग्णांच्या समाधानाचा आकडा अहवालात जाऊन बसतो.

या आकड्यात खोटं काही नसतं. तरीही त्यातून त्या केंद्राबद्दल फार थोडं कळतं. जिची एसटी चुकली, रोज बुडेल म्हणून जी आलीच नाही, मागच्या खेपेला कुलूप पाहून जी परत गेली ती पुन्हा फिरकली नाही, अशा बाईला तिथे कोणी विचारलेलंच नसतं. प्राथमिक आरोग्यसेवेच्या संशोधनापुढची सगळ्यात अवघड अडचण हीच आहे. सेवा खरोखर कोणापर्यंत पोहोचते आणि पोहोचलेल्या माणसाला तिथे काय अनुभव येतो, हे दोन्ही एकत्र समजून घ्यायचं असेल तर दवाखान्याच्या दारात उभं राहून भागत नाही. घरोघरी जावं लागतं, आणि विचारायचं कसं हेही नव्याने शिकावं लागतं.

नकाशावरचं केंद्र आणि माणसाची वाट

भोर समितीने १९४६ साली गावपातळीच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. आज आपल्याकडे सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असं प्रमाण आहे. उपकेंद्रासाठी हेच प्रमाण ५ हजार आणि ३ हजार. नकाशावर ठिपके भरले की सेवा उपलब्ध झाली असं सरकारी हिशेबात धरलं जातं.

अमेरिकेतल्या रॉय पेंचान्स्की आणि विल्यम थॉमस यांनी १९८१ साली हा हिशेब उलगडून पाहिला. सेवा मिळणं हे त्यांनी पाच भागांत मांडलं: डॉक्टर, नर्स, औषधं पुरेशी आहेत का, तिथवर जाता येतं का, दवाखान्याच्या वेळा आणि पद्धती लोकांच्या दिनक्रमात बसतात का, खर्च झेपतो का, आणि तिथली माणसं, तिथली वागणूक रुग्णाला आपली वाटते का. या पाचांपैकी एक भाग जरी अडला तरी बाकीचे चार असून नसल्यासारखे होतात. म्हणून ही जुनी मांडणी मला अजूनही उपयोगाची वाटते.

खर्चाचंच घ्या. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत केस पेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत झालं. निर्णय चांगला आहे. पण वाडीवरून केंद्रापर्यंत येण्याचं वडापचं भाडं, बुडालेली मजुरी आणि बरोबर आलेल्या माणसाचाही बुडालेला रोज हा खर्च केस पेपरच्या खिडकीवर होत नाही, त्यामुळे तो माफही होत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला महिन्याच्या गोळ्या एकदम मिळाल्या तर महिन्यात एक फेरी पुरते. त्याच गोळ्या दहा-दहा दिवसांच्या दिल्या की तीन फेऱ्या आल्या. तिसऱ्या फेरीच्या आधी गोळ्या बंद होतात आणि कागदावर त्या माणसाचं नाव 'उपचार सोडलेला रुग्ण' म्हणून येतं.

वेळांचंही तसंच. शेतमजूर बाई सकाळी कामावर जाते, त्याच वेळी ओपीडी उघडते. शहरात ही अडचण काही प्रमाणात ओळखली गेली. मुंबईत २०२२ साली सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेतले दवाखाने रात्री १० पर्यंत उघडे ठेवण्याची कल्पना यातूनच आली. दिवसभर राबून घरी परतणाऱ्या माणसाला डॉक्टर भेटायचा तर संध्याकाळनंतरच भेटू शकतो. गावाकडच्या केंद्रांबद्दल हा विचार फारसा झालेला नाही.

पाचव्या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्या बाईला आपलं दुखणं मराठीत, तेही अनोळखी पुरुष डॉक्टरला सांगावं लागतं. ती अर्धं सांगते. अर्ध्या दुखण्यावर औषध मिळतं.

उदयपूरचं कुलूप

केंद्र आहे, पण ते उघडं आहे का? हा साधा प्रश्न नीट मोजून पाहणारा अभ्यास राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात झाला. सेवा मंदिर या संस्थेच्या सहकार्याने अभिजित बॅनर्जी, अँगस डीटन आणि एस्थर डुफ्लो यांनी तो केला आणि २००४ साली प्रसिद्ध केला. वर्षभर, दर आठवड्याला, आगाऊ न कळवता सरकारी केंद्रांना भेटी दिल्या गेल्या. उपकेंद्रांवरचे सरासरी ४५ टक्के कर्मचारी जागेवर नव्हते. मोठ्या केंद्रांवर हे प्रमाण ३६ टक्के होतं. उपकेंद्रावर बहुधा एकच नर्स असते, त्यामुळे ती नसली की कुलूप. कामाच्या वेळेत ५६ टक्के वेळा कुलूपच दिसलं.

नर्स गावात लसीकरणाला किंवा गृहभेटीला गेली असेल, अशी शंका कोणालाही येईल. संशोधकांनी तेही तपासलं. बंद असलेल्या वेळांपैकी थोड्याच वेळा ती खरोखर गावात सापडली.

या अभ्यासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट टक्केवारीच्या पलीकडची आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी केंद्र बंद असेल याचा काही नेमच नव्हता. आठवड्यातून दोनच दिवस उघडं, पण ठरलेल्या दिवशी नक्की उघडं, असं केंद्र असतं तर लोकांनी त्याप्रमाणे आपलं जाणं बसवलं असतं. भरवसा नसला की माणूस दोनदा जाऊन पाहतो आणि तिसऱ्यांदा थेट खासगी दवाखान्यात, नाहीतर गावातल्या पदवी नसलेल्या डॉक्टरकडे जातो. नोंदवहीत याची खूण उरत नाही. उलट ओपीडी कमी झाली म्हणून त्या केंद्राला गरज कमी आहे असाही अर्थ काढला जाऊ शकतो.

तक्रार न करणारी माणसं

समजा, घरोघरी गेलो. तिथे माणसं खरं सांगतील? इथे फार जुना आणि अस्वस्थ करणारा दाखला आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेने पाहणी केली. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के जणांनी आपली तब्येत बरी नसल्याचं सांगितलं. विधवा बायकांमध्ये हे प्रमाण अवघं २.५ टक्के होतं. विधवांचे हाल विधुरांपेक्षा कमी होते असं त्या काळाची थोडीही माहिती असलेला माणूस म्हणणार नाही.

अमर्त्य सेन यांनी हा दाखला अनेकदा मांडला. २००२ साली त्यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याच्या जोडीला केरळ आणि बिहारची तुलना ठेवली. केरळात आयुर्मान जास्त, साक्षरता जास्त, दवाखाने जास्त. आणि आपण आजारी आहोत असं सांगणाऱ्यांचं प्रमाणही केरळातच जास्त. बिहारात उलट. शिकलेल्या, डॉक्टरकडे सहज जाता येणाऱ्या माणसाला आपल्या शरीरात काय बिघडलं हे ओळखता येतं आणि ते सांगायची सवय असते. ज्याला आयुष्यभर कोणी तपासलंच नाही, त्याला दुखणं हा जगण्याचाच भाग वाटतो.

म्हणून समाधानाचा आकडा वाचताना त्यामागची अपेक्षा किती होती हे आधी विचारायला हवं. "डॉक्टरांनी हात लावून तपासलं का?" या प्रश्नाला नाही म्हणणारी बाई "तुमचं समाधान झालं का?" याला हो म्हणू शकते. ती दोन्ही वेळा खरंच बोलते. डॉक्टरने हात लावून तपासावं असं तिला कधी वाटलेलंच नसतं.

गडचिरोलीतली दोन गावं

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तोवर स्त्रियांच्या आरोग्याचा सरकारी विचार गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांच्या पुढे जात नव्हता. गर्भाशयाचे, योनिमार्गाचे आजार किती आहेत याबद्दलचे आकडे रुग्णालयात आलेल्या बायकांवरून काढले जात होते. बंग दांपत्याने मात्र दोन गावं घेतली आणि तिथल्या स्त्रियांनाच तपासायचं ठरवलं, मग त्यांना त्रास असो वा नसो.

१९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. तक्रार होती ५५ टक्क्यांना. आणि याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

या तीन आकड्यांमधलं अंतर हाच या लेखाचा विषय आहे. रुग्णालयाच्या नोंदींमध्ये फार तर त्या ८ टक्के दिसल्या असत्या. लक्षणं विचारत घरोघर फिरलेल्या पाहणीत ५५ टक्के सापडल्या असत्या. उरलेल्या बायका तपासल्याशिवाय कोणत्याच पद्धतीने कळल्या नसत्या. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं त्या धरून चालल्या होत्या. डॉक्टर बाई गावात आली, बसली, बोलली तेव्हा कुठे तपासणी होऊ शकली. आपल्या मराठी मुलखात झालेला हा अभ्यास जगभर स्त्री-आरोग्याच्या धोरणावर चर्चा घडवून गेला. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मात्र स्त्रीची आतून तपासणी करायला आडोसा, टेबल आणि स्त्री डॉक्टर या तीन गोष्टी एकत्र मिळणं आजही सगळीकडे गृहीत धरता येत नाही.

इंग्लंडमधल्या चित्रफिती

ज्या देशात प्रत्येकाची फॅमिली डॉक्टरकडे नोंदणी असते आणि उपचार मोफत असतात, तिथेही रुग्णाचं मन कागदावर उतरवणं सोपं नाही. इंग्लंडमध्ये २००७ पासून दवाखान्यांच्या रुग्णांची मोठी सर्वेक्षणं होतात. लाखो लोकांना घरी प्रश्नावली जाते. फोन लागला का, वेळ मिळाली का, डॉक्टरने ऐकून घेतलं का, असे प्रश्न त्यात असतात. घरी पाठवलेल्या प्रश्नावलीमुळे त्या महिन्यात दवाखान्यात न गेलेले लोकही त्यात येतात, ही त्या पद्धतीची जमेची बाजू.

या सर्वेक्षणांत दक्षिण आशियाई वंशाचे रुग्ण डॉक्टरांच्या संवादाला कमी गुण देतात असं वारंवार दिसायचं. "यांच्या अपेक्षाच वेगळ्या," असं म्हणून ते बाजूला सारता येण्यासारखं होतं. केंब्रिजच्या जेनी बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. डॉक्टर-रुग्ण भेटीच्या तयार केलेल्या चित्रफिती त्यांनी पाकिस्तानी वंशाच्या आणि गोऱ्या ब्रिटिश लोकांना दाखवून गुण द्यायला सांगितलं. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच चित्रफितीला पाकिस्तानी वंशाच्या लोकांनी जास्त गुण दिले. म्हणजे प्रत्यक्ष दवाखान्यात ते कमी गुण देत होते, तेव्हा त्यांना मिळणारी वागणूकच कमी दर्जाची असण्याची शक्यता मोठी होती.

दुसऱ्या एका अभ्यासात याच गटाने रुग्णांना त्यांच्याच भेटीचं चित्रीकरण दाखवत मुलाखती घेतल्या. कागदावर 'चांगलं' अशी खूण केलेल्या रुग्णांनी बोलताना बऱ्याच उणिवा सांगितल्या. आपल्या डॉक्टरबद्दल लेखी वाईट लिहायला माणूस कचरतो, मग तो डॉक्टर गावाकडचा असो की लंडनजवळचा.

भेटीची मिनिटं

२०१७ साली ६७ देशांमधल्या अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. फॅमिली डॉक्टरची सरासरी भेट बांगलादेशात ४८ सेकंदांची होती, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटांची. जगाची जवळपास निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते तिथे ती पाच मिनिटांच्या आत आटोपते आणि भारत त्यातच मोडतो. एवढ्या वेळात सुई किंवा चिठ्ठी देता येते. पाणी किती पिता, काम कुठे करता, झोप लागते का, हे विचारता येत नाही.

भेटीत आत काय घडतं हे पाहण्यासाठी 'बनावट रुग्णा'ची पद्धतही वापरली जाते. शिकवून तयार केलेला माणूस छातीत दुखतंय किंवा दम लागतो अशी ठरलेली लक्षणं घेऊन जातो आणि डॉक्टरने काय विचारलं, काय दिलं ते बाहेर येऊन नोंदवतो. जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आणि दिल्लीत असा अभ्यास केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मध्य प्रदेशातल्या ६७ टक्के सेवा देणाऱ्यांकडे वैद्यकाची कोणतीही पदवी नव्हती आणि बरोबर निदान क्वचितच झालं. अशा पदवी नसलेल्या डॉक्टरकडे जाणारे खरे रुग्ण मात्र समाधानी असतात, कारण तो गावातच राहतो, रात्री दार वाजवलं तरी उठतो आणि उधारीवर औषध देतो. सेवा मिळण्याच्या वर सांगितलेल्या पाचपैकी चार भागांत तो सरकारी केंद्राच्या पुढे आहे. हे दुःखद आहे, पण लोक अडाणी आहेत म्हणून त्याच्याकडे जातात असं म्हणणं अन्यायाचं होईल.

विचारायचं कसं

या सगळ्या अनुभवांतून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. पहिली म्हणजे मत विचारण्याऐवजी घटना विचारावी. "सेवा कशी वाटली?" याला "बरी" हेच उत्तर येतं. "मागच्या वेळी गेलात तेव्हा घरातून किती वाजता निघालात, परत किती वाजता आलात? नाडी, बीपी बघितलं का? चिठ्ठीतलं एखादं औषध बाहेरून आणावं लागलं का? किती पैसे गेले?" याला खरी उत्तरं येतात, कारण त्यात कोणाची निंदा करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट विचारणाऱ्याची. आशाताई गावातली, विश्वासाची आणि सगळ्या घरांत वावरणारी. पण तिचा मोबदला त्याच केंद्रातून निघतो. तिने केंद्राबद्दल विचारलं तर शेजारीण तिला अडचणीत कशाला आणेल? पाहणी करणारी व्यक्ती बाहेरची, पण बोली जाणणारी हवी. सुनेला सासूसमोर विचारू नये हे पाहणीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, एका खोलीच्या घरात ते पाळणं किती कठीण जातं ते तिथे गेल्यावर कळतं.

तिसरी गोष्ट न जाण्याची कारणं विचारण्याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ही सोय आहे. घरातलं कोणी आजारी पडलं की सहसा कुठे जाता, आणि सरकारी दवाखान्यात जात नसाल तर का, असं त्यात विचारतात. २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ४९.९ टक्के कुटुंबांनी आपण सहसा सरकारी दवाखान्यात जात नाही असं सांगितलं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५५.१ होता. कारणांमध्ये सेवेचा दर्जा, ताटकळत बसावं लागणं आणि जवळ केंद्र नसणं ही वरच्या क्रमांकावर होती. दर्जाचं कारण अंतराच्या कारणाइतकंच मोठं आहे, हे इमारती बांधण्यावरच भर देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावं.

लाल, पिवळा, हिरवा

विचारून झालं, पुढे काय? महाराष्ट्राकडे याचं एक उत्तर आहे आणि त्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. सुरुवातीला अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे होते आणि राज्यपातळीवरच्या समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होतं.

पद्धत सोपी होती. गावसमितीतली माणसं गटचर्चा करून आणि केंद्राला भेट देऊन एकेका सेवेला रंग द्यायची: चांगली तर हिरवा, जेमतेम तर पिवळा, वाईट तर लाल. एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, गावात येते का, औषधं मिळतात का, पैसे मागितले जातात का, हे सगळं एका तक्त्यावर. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपल्या गावाचा तक्ता वाचता यायचा. मग तो घेऊन जनसुनवाईला जायचं. तिथे समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आणि जिल्ह्याचे अधिकारी बसलेले असायचे आणि लोक आपले अनुभव उभं राहून सांगायचे.

पुढच्या फेऱ्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी रंग सुधारले. बाहेरची औषधं लिहून देणं काही केंद्रांत थांबलं, उपलब्ध औषधांचे फलक लागले, न येणाऱ्या नर्स गावात येऊ लागल्या. डॉक्टरांच्या बाजूनेही बोलायला हवं: रिकामी पदं, वेळेवर न येणारा औषधसाठा, गळकी निवासस्थानं हेही याच जनसुनवायांत वर आलं आणि लोकांनी त्यासाठीही आवाज उठवला. संशोधनातला रुग्ण एरवी माहिती देऊन मोकळा होतो. इथे तीच माहिती हातात घेऊन तो जाब विचारत होता. मला यापेक्षा मोठा फरक दुसरा कुठला दिसत नाही.

यादीत नसलेले

घरोघरी जाणारी पाहणीही कोणाला तरी वगळते. मराठवाड्यातून, विशेषतः बीडमधून, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत गावात नसतात. गावातल्या पाहणीत त्यांच्या दाराला कुलूप. साखर कारखान्याच्या परिसरात ती कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, राहतात, तिथल्या केंद्राच्या लोकसंख्येत ती मोजलेली नसतात.

या बायकांचं काय होतं हे २०१९ साली समोर आलं. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांच्या तक्रारींवरून राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागची साखळी गडचिरोलीच्या अभ्यासाशी जुळते. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीचा त्रास. फडात पाणी नाही, संडास नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा कापला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही. जवळच्या केंद्रात तपासून वेळेवर औषध देता आलं असतं असा त्रास अंगावर काढला जातो, आणि हंगाम संपल्यावर खासगी दवाखान्यात पिशवी काढून टाकली जाते. दवाखान्याच्या नोंदीत ही बाई प्रथमच दिसते ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

तिच्यापर्यंत पोहोचायचं तर पाहणीचं वेळापत्रक कारखान्याच्या हंगामाप्रमाणे बसवावं लागेल. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी कोप्यांची यादी करावी, एएनएमने फड सुटल्यावर संध्याकाळी तिथे जावं आणि तिथे झालेल्या तपासणीचा कागद त्या बाईबरोबर तिच्या गावच्या उपकेंद्रापर्यंत जावा. कोणत्या कारखान्याकडे किती कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, आले याची नोंद मुकादमांच्या करारांत आधीच असते; आरोग्य विभागाने ती मागून घेण्यापासून सुरुवात करता येईल.